अरुंद जलपाशांचे शिल्पकार : जेम्स ब्रिंडली

इंग्लंडच्या मध्यभागातील जुन्या कालव्यांवर आजही एक दृश्य नित्य पाहावयास मिळते. सत्तर फूट लांबीची, पण जेमतेम सात फूट रुंदीची एक नौका संथपणे पुढे येते. समोर दगडविटांच्या दोन भिंतींमध्ये एक अरुंद हौद असतो. दोन्ही बाजूंस इंच-इंचभर जागा सोडून नौका त्या हौदात शिरते. मागचे दरवाजे मिटतात, नाविक हाताने झडपा उघडतो, पाणी चढू लागते, आणि काही मिनिटांतच नौका आठ-दहा फूट उंच पातळीवर जाऊन पोहोचते. मग पुढचा दरवाजा उघडतो व प्रवास सुरू होतो. या हौदाला जलपाश म्हणतात. व्यवहारात आपण त्याला लॉक म्हणतो.

जलपाशाची युक्ती फार जुनी आहे. इटलीत पंधराव्या शतकातच ती प्रचारात होती. परंतु इंग्लंडमध्ये जलपाश सात फूट रुंदीचा असावा हे माप ज्यांच्यामुळे रूढ झाले, ते जेम्स ब्रिंडली होत. ते पाठशाळेत शिकलेले नव्हते. लिहिणे त्यांना कसेबसे जमे. तरीही त्यांनी घालून दिलेल्या मापातच आज अडीचशे वर्षांनंतरही तेथील नौका बांधल्या जातात. एका माणसाचा निर्णय पुढच्या किती पिढ्यांना बांधून ठेवतो, आणि त्याचे काम टिकवण्यासाठी मागून येणाऱ्यांना किती खपावे लागते, याचे ब्रिंडली यांचे चरित्र हे एक बोलके उदाहरण आहे.

बालपण व उमेदवारी

जेम्स ब्रिंडली यांचा जन्म इ. स. १७१६ मध्ये डर्बीशायर परगण्यातील टनस्टेड या वस्तीत एका शेतकरी कुटुंबात झाला. जेम्स दहा वर्षांचा असताना हे कुटुंब स्टॅफर्डशायरमधील लीक गावाजवळ राहावयास गेले. मुलाला जे थोडे शिक्षण मिळाले ते आईकडून. ओढ्याच्या काठी बसून लाकडाच्या लहान पाणचक्क्या कोरणे व त्या वाहत्या पाण्यावर फिरवून पाहणे हा त्याचा आवडता खेळ होता, असे सांगतात.

वयाच्या सतराव्या वर्षी, म्हणजे १७३३ मध्ये, मॅक्लेसफील्डजवळच्या सटन गावी अब्राहम बेनेट नावाच्या कारागिराकडे तो उमेदवारी करू लागला. बेनेट पाणचक्क्यांची चाके व यंत्रे बनवीत असे. उमेदवारीची पहिली वर्षे काही फारशी यशाची नव्हती. जेम्सच्या हातून लाकूड वाया जाई व बोलणी खावी लागत. पुढे बेनेटने एका कागदाच्या गिरणीचे काम अंगावर घेतले. तसे काम त्याने पूर्वी कधी केले नव्हते. मँचेस्टरजवळची एक गिरणी तो पाहून आला, तरी ती त्याला नीट समजली नाही. तेव्हा जेम्स कोणालाही न सांगता शनिवारी संध्याकाळी पायी निघाला. पंचवीसएक मैल चालून त्याने ती गिरणी डोळ्यांखालून घातली आणि सोमवारी सकाळी तो कामावर परत हजर झाला. कागदावर त्याने काहीही टिपून आणले नव्हते. सारे यंत्र त्याने मनात साठवून आणले होते. त्याच्या सांगण्याप्रमाणे गिरणी उभी राहिली व उत्तम चालली.

१७४२ मध्ये त्यांनी लीक येथे स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. दळणाच्या चक्क्या, कुंभारकामासाठी गारगोटी दळणाऱ्या चक्क्या, खाणींतील पाणी उपसण्याची यंत्रे अशी कामे त्यांच्याकडे येऊ लागली. मँचेस्टरजवळच्या क्लिफ्टन येथील एक कोळशाची खाण पाण्याने भरून बंद पडत आली होती. ब्रिंडली यांनी नदीचेच पाणी बोगद्याने व नदीच्या तळाखालून आणले, त्याने मोठे चाक फिरवले आणि त्या चाकाच्या बळावर खाणीतील पाणी उपसून काढले. पाण्यानेच पाण्याचा बंदोबस्त करणारा कारागीर म्हणून त्यांची कीर्ती पसरली.

त्यांची विचार करण्याची रीत विलक्षण होती. एखादी मोठी अडचण पुढे आली की ते अंथरुणावर जाऊन पडत. कधी एक दिवस, कधी दोन-तीन दिवसही ते तसेच पडून राहत. सारी योजना मनात पुरती तयार झाली की उठत व थेट कामाला लागत. एकदा लंडनमध्ये स्नेह्यांच्या आग्रहास्तव ते नाटक पाहण्यास गेले. त्या प्रयोगाने त्यांच्या मनाची घडी इतकी विस्कटली की कित्येक दिवस त्यांना काम सुचेना. पुन्हा नाट्यगृहात पाऊल टाकावयाचे नाही असे त्यांनी ठरवले.

ड्यूकचा कालवा

१७५९ मध्ये ब्रिंडली यांच्या आयुष्याला नवे वळण मिळाले. ब्रिजवॉटरचे ड्यूक हे त्या वेळी अवघ्या तेवीस वर्षांचे होते. वर्स्ली येथे त्यांच्या कोळशाच्या खाणी होत्या. तेथून मँचेस्टर शहर दूर नव्हते. परंतु रस्ते इतके वाईट होते की घोड्यांच्या पाठीवरून कोळसा नेण्याचा खर्च कोळशाच्या मोलाला गिळून टाकी. ड्यूक व त्यांचे कारभारी जॉन गिल्बर्ट यांनी कालवा काढण्याचे योजले आणि ब्रिंडली यांना बोलावून घेतले.

हा कालवा एकाच पातळीवरून न्यावयाचा असे ठरले. त्यामुळे जलपाशांची गरज उरली नाही, पण वाटेत इर्वेल नदी आडवी येत होती. तेव्हा नदीवर तीन कमानींचा दगडी पूल बांधून त्यावरून कालवा न्यावयाचा असा बेत आखला गेला. पुलावरून नावा जातील ही कल्पना त्या काळी पुष्कळांना हास्यास्पद वाटली. पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देण्याची वेळ आली तेव्हा ब्रिंडली यांनी चीजचा मोठा गोळा कापून पुलाची प्रतिकृती दाखवली, असे सांगतात. कालव्यातून पाणी झिरपणार नाही हे पटवण्यासाठी त्यांनी समितीसमोरच चिकणमाती मळली, तिचा लहानसा पाट बनवला व त्यात पाणी ओतून दाखवले. मळलेल्या मातीचे हे लिंपण हाच पुढे त्यांच्या सर्व कालव्यांचा प्राण ठरला.

बार्टन येथील तो जलसेतू १७ जुलै १७६१ रोजी खुला झाला. त्याआधी एक कसोटीचा प्रसंग येऊन गेला होता. पाणी सोडताच एक कमान फुगू लागली. ब्रिंडली यांच्या मनाने घाव घेतला व ते अंथरुणाला खिळले. तेव्हा गिल्बर्ट यांनी कमानीवरील मातीचा जड थर काढवला, कमान सावरली व हलका थर पुन्हा घातला. कल्पना ज्याची त्याच्यानेच सारे निभत नाही, मागे उभे राहून सावरणारा हातही लागतो, याचा तो पहिला धडा होता. कालवा सुरू झाल्यावर मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. गरिबांच्या चुली पेटत्या राहू लागल्या.

सात फुटांचा निर्णय

आता देशभर कालव्यांची चर्चा सुरू झाली. स्टॅफर्डशायरमधील प्रसिद्ध कुंभार जोसाया वेजवुड यांना आपली नाजूक भांडी घोड्यांच्या पाठीवरून धाडावी लागत व ती वाटेत फुटत. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढाकार घेतला आणि ट्रेंट व मर्सी या दोन नद्यांना जोडणाऱ्या कालव्याचा कायदा १७६६ मध्ये संमत झाला. त्याच वर्षी २६ जुलै रोजी वेजवुड यांनी पहिली कुदळ मारली. मुख्य अभियंता ब्रिंडली होते. सुमारे दीडशे किलोमीटरचा हा कालवा सपाटीवरून जाणारा नव्हता. त्याला एका बाजूने टेकड्या चढून दुसऱ्या बाजूने उतरावयाचे होते. त्यासाठी सत्तरांहून अधिक जलपाश आणि अनेक बोगदे लागणार होते. त्यांपैकी हेअरकासलचा बोगदा एकटाच अडीच किलोमीटरांहून लांब होता.

येथे ब्रिंडली यांच्यापुढे मापाचा प्रश्न आला. नद्यांवरील नावा चौदा फुटांपर्यंत रुंद असत. त्या मापाचा बोगदा डोंगरातून खणणे म्हणजे वेळ व पैसा यांची परिसीमा होती. त्याहून मोठी चिंता पाण्याची होती. जलपाशातून एक नौका उतरली की हौदभर पाणी वरून खाली निघून जाते. बहात्तर फूट लांब, सात फूट रुंद व आठ फूट उताराच्या जलपाशात सुमारे चार हजार घनफूट, म्हणजे एक लाख लिटरांहून अधिक पाणी मावते. रुंदी चौदा फूट केली की हाच खर्च दुप्पट होतो. आणि टेकडीच्या माथ्यावर पाणी आधीच दुर्मिळ. नद्या कशासाठी असतात असे पार्लमेंटमध्ये विचारले असता, कालव्यांना पाणी पुरवण्यासाठी, असे उत्तर त्यांनी दिल्याची आख्यायिका आहे. थेंबाथेंबाचा हिशेब करणाऱ्या माणसाचेच ते उत्तर होते.

म्हणून त्यांनी लहान माप पत्करले. हेअरकासलच्या दोन्ही बाजूंस, टेकड्यांच्या मुलखात, जलपाश सात फुटांचे बांधावयाचे ठरले. नद्यांच्या बाजूंकडील काही भाग तेवढे रुंद राहिले. टर्नहर्स्ट येथील आपल्या घराच्या आवारात त्यांनी आधी एक जलपाश प्रयोगादाखल बांधून पाहिला होता, असे म्हणतात. लहान माप पत्करले तरी लाभ थोडा नव्हता. एक घोडा पाठीवरून सव्वाशे किलोच्या आसपास माल नेई. तोच घोडा काठावरून दोर ओढू लागला की पंचवीस टन मालाची नौका चालू लागे.

मर्सी, ट्रेंट, सेव्हर्न व थेम्स या चार नद्यांना कालव्यांनी जोडून देशाच्या मध्यावर जलमार्गांचा एक मोठा क्रूस रेखावा, हे ब्रिंडली यांचे स्वप्न होते. स्टॅफर्डशायर-वूस्टरशायर, बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, ऑक्सफर्ड या कालव्यांची आखणी त्यांनी केली. एकाने सात फूट धरल्यावर त्याला जोडणाऱ्या इतरांनाही तेच माप घ्यावे लागले. अशा रीतीने एका टेकडीच्या अडचणीतून निघालेले माप मध्य इंग्लंडचे माप बनले.

अखेरचे दिवस

१७६५ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांनी ॲन हेन्शॉल हिच्याशी विवाह केला. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. त्यांना दोन मुली झाल्या. परंतु संसाराला त्यांचा वेळ थोडाच लाभला. एकाच वेळी कित्येक कालव्यांची जबाबदारी त्यांच्या शिरावर होती. घोड्यावर बसून, पावसापाण्यात, परगण्यांमागून परगणे ते तुडवीत राहिले. नाही म्हणणे त्यांना जमले नाही. एका माणसाने किती कामांकडे पाहावे? कॉव्हेंट्री कालव्याच्या चालकांनी तर दुर्लक्षाचा ठपका ठेवून १७६९ मध्ये त्यांना कामावरून दूर केले. लाकूड, माती व पाणी यांची नित्य निगा ठेवावी लागते हे ज्यांना इतके उमजले होते, त्यांना स्वतःच्या देहाची निगा मात्र ठेवता आली नाही.

१७७२ मध्ये कॅल्डन शाखेची पाहणी करताना ते पावसात चिंब भिजले व तसेच राहिल्याने आजारी पडले. वैद्य इरॅस्मस डार्विन यांनी त्यांना तपासले तेव्हा त्यांना मधुमेह जडल्याचे आढळले. २७ सप्टेंबर १७७२ रोजी टर्नहर्स्ट येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे वय छप्पन्न होते. न्यूचॅपल येथील चर्चच्या आवारात त्यांचा दफनविधी झाला. ज्या हेअरकासल बोगद्याने त्यांची अखेरची वर्षे घेतली तो अपुराच होता. त्यांचे मेहुणे ह्यू हेन्शॉल यांनी काम हाती घेतले आणि १७७७ मध्ये ट्रेंट-मर्सी कालवा पूर्ण केला. आपल्या विद्येविषयी ब्रिंडली यांनी ग्रंथ लिहून ठेवला नाही. जे होते ते त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांच्या हातांत उरले.

मागे राहिलेली जबाबदारी

ब्रिंडली गेले, त्यांचे सात फूट राहिले. त्या मापाने जसे दिले तसे मागितलेही पुष्कळ. पन्नास वर्षांच्या आतच रहदारी इतकी वाढली की चेशरच्या उतारावर नौकांच्या रांगा लागू लागल्या. हेअरकासलचा बोगदा इतका अरुंद होता की आत घोड्याला वाट नव्हती. नाविक पाठीवर झोपून पायांनी भिंती रेटीत नौका नेत. अखेरीस थॉमस टेलफर्ड यांनी १८२७ मध्ये शेजारी दुसरा बोगदा पूर्ण केला. जलपाशांनाही लागून जोडीचे जलपाश बांधण्यात आले. त्या जोड्यांपैकी काहींतील एक जलपाश आज मोडकळीस आला आहे, कारण दोन्ही राखणे परवडत नाही. रेल्वे आल्यावर पंचवीस टनांच्या नौकेची मातब्बरी उरली नाही. ब्रिंडली यांनी माप मोठे धरावयास हवे होते, असा दोष काही अभ्यासक देतात. पण त्या दिवशी त्यांच्यापाशी होता तो पैसा, होते ते पाणी आणि होती ती अवजारे पाहिली, तर मोठ्या मापाचा कालवा कदाचित कागदावरच राहिला असता.

खरी परीक्षा राखणदारीची आहे. रुंद जलपाशाची भिंत दोन इंच पुढे आली तरी नौका निघून जाते. सात फुटांच्या जलपाशात मात्र सहा फूट दहा इंचांची नौका जाते. तेथे सैल असे काही उरतच नाही. भिंतीमागील ओली माती वर्षानुवर्षे दाब देत असते. थंडीत पाणी गोठून सांधे फुटतात. भिंत बोटभर फुगते, आणि एके दिवशी एखादी जुनी नौका हौदात अडकून बसते. वेल्सकडे जाणाऱ्या लँगोलेन कालव्याच्या तोंडाशी, हर्ल्स्टन येथे, असेच घडत आले. तेथे अलीकडच्या काळात एक जलपाश उकलून त्याच्या भिंती नव्याने बांधाव्या लागल्या.

दरवाजांची गोष्ट याहून निराळी नाही. ते ओक लाकडाचे असतात. निम्मे लाकूड सतत पाण्यात व निम्मे उन्हावाऱ्यात, त्यामुळे सुमारे पंचवीस वर्षांत ते बदलावे लागतात. हाताने बांधलेले दोन जलपाश तंतोतंत सारखे नसतात, म्हणून प्रत्येक दरवाजा त्या त्या ठिकाणचे माप घेऊनच घडवावा लागतो. दरवाजाच्या मागे एखादी वीट वा ओंडका अडकला तरी तो भिंतीतील आपल्या खोबणीत पुरता बसत नाही व नौकेची वाट अडते. वरच्या दरवाजाखाली दगडी उंबरा असतो. खाली उतरताना नौकेची मागची बाजू त्या उंबऱ्यावर टेकून राहिली, तर पाणी ओसरताच नौका कलंडून बुडू शकते. म्हणून उंबऱ्याची हद्द दाखवणारी पांढरी रेघ भिंतीवर रंगवलेली असते. अरुंद जलपाशात शिरण्यापूर्वी नाविकाने नौकेच्या बाजूंस टांगलेली गाद्यांसारखी रक्षके वर उचलून घ्यावयाची असतात. तेवढीही जागा तेथे नसते.

शिवाय या मार्गाला पर्यायी वाट नाही. साखळीतला एक जलपाश बंद पडला की सारा कालवा अडतो. म्हणून मोठी दुरुस्ती नोव्हेंबर ते मार्च या थंडीच्या महिन्यांत, नौका थोड्या असताना, हौद कोरडा करून केली जाते. पाण्याची चिंता तर ब्रिंडली यांच्या दिवसांइतकीच ताजी आहे. २०२५ च्या कोरड्या उन्हाळ्यात जलाशय आटल्याने अनेक कालव्यांवर नौकांची ये-जा थांबवावी लागली. ट्रेंट-मर्सी कालव्याचे काही भागही त्यांत होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे जलपाश बुजून जाण्याच्या बेतात होते. १९४६ मध्ये जलमार्गांच्या रक्षणासाठी काही मंडळींनी एक संघ स्थापन केला. १९४८ मध्ये बहुतेक कालवे सरकारच्या ताब्यात आले. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात पाणी कित्येक आठवडे गोठून राहिले आणि मालवाहतुकीने जवळजवळ अखेरचा श्वास घेतला. त्यापुढे सहलीच्या नौका येऊ लागल्या. व्यापाराला अपुरे पडलेले सात फूट कुटुंबाच्या एका नौकेला पुरेसे ठरले. २०१२ पासून इंग्लंड व वेल्समधील बहुतेक कालव्यांचा कारभार एका धर्मादाय न्यासाकडे आहे. अनेक जलपाशांवर आज स्वयंसेवक उभे राहतात. ते झडपांना वंगण घालतात, तण काढतात, नवख्या नाविकाला धीर देतात.

बार्टनचा तो कौतुकाचा जलसेतू आता नाही. जहाजांच्या मोठ्या कालव्यासाठी तो १८९३ मध्ये पाडण्यात आला. हेअरकासलचा पहिला बोगदाही विसाव्या शतकाच्या आरंभी खचून बंद झाला. ब्रिंडली यांच्या कामांपैकी जी सर्वांत भव्य म्हणून गाजली ती गेली, आणि हे लहानसे अरुंद हौद उरले. उरले तेही आपोआप नव्हे. प्रत्येक पिढीत कोणीतरी थंडीत कोरड्या हौदात उतरले, कोणीतरी नवा दरवाजा मापून बसवला, कोणीतरी चिखलातून ओंडका ओढून काढला. बांधणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. राखणाऱ्यांची नावे बहुधा कोठेच नोंदली जात नाहीत. आपल्या पूर्वजांनी उभारलेल्या शाळा, दवाखाने, देवालये व ग्रंथालये ज्यांच्या हाती आली आहेत, त्या आपणा सर्वांना त्या निनावी माणसांचे स्मरण ठेवावयास हवे. ब्रिंडली यांना ज्या पहाटे उठून घोड्यावर स्वार व्हावे लागले, तसल्याच एखाद्या पहाटे आजही कोणी स्वयंसेवक हातात हँडल घेऊन जलपाशाकडे निघालेला असतो.